पंचनामा झाला, यादी लागली, मग पैसे कुठे अडतात?

🌾 *कृषी सल्ला : विशेष पाठ*
*भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यातील सर्व सभासदांसाठी*



दर आठवड्याला मी फवारणी, खत, कीड-रोग यावर लिहितो. आज वेगळा विषय घेतोय. दिवाळीनंतरच्या पावसाने काढणीला आलेलं भात आडवं झालं. तेव्हापासून मला आलेल्या फोनमध्ये करपा-तुडतुड्याचे फोन थोडे आणि "पंचनामा कधी होणार", "हेक्टरी किती मिळणार", "शेजाऱ्याला आले, आम्हाला का नाही" असे फोन जास्त.

मी महसूल खात्यातला माणूस नाही. कृषी पदविका केलेला तुमच्यातलाच मुलगा आहे. पण हा विषय मी घरच्या ठेचेतून शिकलो, म्हणून लिहितोय. मेसेज मोठा आहे. एकदम नाही झाला तर दोनदा वाचा. घरात जो कागदपत्रं सांभाळतो त्याला नक्की वाचून दाखवा.

*१) आधी आमच्या घरची गोष्ट*

जुलै २०२१ मधली २२-२३ तारीख सगळ्यांना आठवत असेल. वरंधा घाटात दरडी आल्या, रस्ता बंद झाला. त्याच पावसात आमच्या ओढ्याकाठच्या तीन खाचरांच्या ताली फुटल्या. आवणी होऊन पंधरा दिवस झाले होते. रोपं गेली, माती गेली, वर दगडगोटे येऊन बसले.

पंचनामा झाला. आमच्या वरच्या अंगाचं खाचर ज्यांचं, त्यांचाही त्याच दिवशी झाला. त्यांना मदत मिळाली, आम्हाला नाही. वडील दोन वर्षं म्हणत राहिले, "आपल्याला वगळलं." मीही तेच धरून बसलो होतो.

मग एकदा शांतपणे सातबारा काढून बघितला. पहिलं नाव आजोबांचं. आजोबा जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांच्या खाली चुलत आजोबा, तेही वारलेले. दोन आत्या मुंबईला. एक काका पुण्यात. पंचनाम्याच्या कागदावर खातेदार म्हणून आजोबांचं नाव आणि बँक खातं म्हणून काहीच नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे जाणार तरी कसे? आम्हाला कोणी वगळलं नव्हतं. सात वर्षांत आम्हीच वारस नोंद केली नव्हती. "करू की, घाई काय आहे" यात सात वर्षं गेली.

आपल्या दोन तालुक्यांत असे सातबारे किती असतील? वेळवंड खोरं, हिर्डोशी खोरं, भुतोंडे खोरं, तिकडे अठरागाव मावळ, कुठेही जा. जमीन वीस-तीस गुंठे आणि नावं पंधरा-वीस. कसणारा गावात एकटा, बाकीचे मुंबई-पुण्याला. म्हणून हा पाठ आपल्यासाठी इतर तालुक्यांपेक्षा जास्त गरजेचा आहे.

*२) मदत, विमा आणि वन विभागाची भरपाई : तीन वेगळ्या गोष्टी*

फोनवर सगळ्यात जास्त गोंधळ यातच होतो.

▪️ *शासनाची मदत* ही आपत्तीत झालेल्या नुकसानीसाठी असते. त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही. तिचा पाया म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष. पंचनामा महसूल विभागामार्फत होतो. ही नुकसानभरपाई नाही. पुढचं पीक उभं करायला दिलेला हातभार आहे. कागदावर तिचं नाव 'निविष्ठा अनुदान' असतं, ते त्यामुळेच.

▪️ *पीक विमा* फक्त हप्ता भरलेल्यांना. एक रुपयात विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्या हंगामात भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावरून ठरणार होती. पूर्वीसारखी ७२ तासांत वैयक्तिक तक्रार नोंदवून भरपाई मिळायची, ती तरतूद २०२५ च्या सुधारित योजनेत नव्हती. त्यामुळे विमा भरला असला तरी शासनाच्या पंचनाम्याकडे दुर्लक्ष करू नका.

▪️ *रानडुक्कर, गवा यांनी केलेलं नुकसान* वन विभागाकडे जातं. तो अर्ज वेगळा. पावसाच्या पंचनाम्यात तो घुसवू नका, दोन्हीकडे अडचण होते.

*३) कोणतं नुकसान 'आपत्ती' धरलं जातं?*

पूर, दरड कोसळणे, गारपीट, चक्रीवादळ, ढगफुटी, कीड प्रादुर्भाव या केंद्राच्या यादीतल्या आपत्ती. त्याशिवाय राज्याने अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज पडणे, आकस्मिक आग यांचाही समावेश केलेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती धरण्याचा निर्णय झाला.

*अतिवृष्टी म्हणजे किती?* महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. मोजमाप मंडळातल्या पर्जन्यमापकाचं, आपल्या अंगणातलं नव्हे.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पश्चिमेला घाटमाथ्याजवळ जुलैत ६५ मिलिमीटर ही रोजची गोष्ट. भात त्या पाण्यात उभं राहतं, नुकसान होतंच असं नाही. उलट ऑक्टोबर अखेरीला २५-३० मिलिमीटरची एक सर पिकलेलं इंद्रायणी झोपवून टाकते. तेव्हा "६५ भरले नाहीत, मग आपलं काही नाही" असं समजून घरी बसू नका. काढणीच्या वेळचा पाऊस 'अवेळी पाऊस' या सदरात मांडता येतो. वरच्या खोऱ्यातल्या पावसाने नदी-ओढ्याचं पाणी शेतात घुसलं असेल, तर तो 'पूर' आहे, मग तुमच्या मंडळात पाऊस कमी का नोंदलेला असेना. अर्ज देताना कारण नीट लिहा. नुसतं "पावसाने नुकसान" लिहू नका.

दुसरी अट *३३ टक्क्यांची*. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. सगळं शेत झोपलं नसेल तरी जेवढ्या क्षेत्रात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान आहे तेवढं 'बाधित क्षेत्र' म्हणून नोंदवलं जातं. ३० आर भातापैकी ओढ्याकडचं १२ आर पूर्ण लोळलं आणि वरचं १८ आर उभं आहे, तर १२ आर लिहून घ्या. तीसच्या तीस लिहा म्हणून हट्ट धरला, की तपासणीत सगळंच संशयात येतं.

*४) हेक्टरी नक्की किती? तीन आकडे का ऐकू येतात?*

कोणी म्हणतं ८,५००, कोणी १३,६००, कोणी १८,५००. तिन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या काळाचे.

▪️ *मूळ निकष :* जिरायत हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५००. मर्यादा २ हेक्टर.

▪️ *जानेवारी २०२४ चा वाढीव दर :* जिरायत १३,६००, बागायत २७,०००, बहुवार्षिक ३६,०००. मर्यादा ३ हेक्टर. मे २०२५ च्या शासन निर्णयाने हे दर मागे घेऊन पुन्हा मूळ निकष लागू केले.

▪️ *ऑक्टोबर २०२५ चं पॅकेज :* ७ ऑक्टोबरला जाहीर झालं. जून ते सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टी-पुरासाठी. यात मूळ दरावर रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी १०,००० जोडले. म्हणून जिरायत १८,५००, बागायत २७,०००, फळबाग ३२,५००. मर्यादा ३ हेक्टर.

टीव्हीवर आकडा आला म्हणजे तो आपल्याला लागू झाला असं नाही. शासन निर्णयाला तालुक्यांची यादी जोडलेली असते आणि नुकसानीचा कालावधी लिहिलेला असतो. *आपला तालुका आणि आपल्या नुकसानीची तारीख*, या दोन्ही गोष्टी त्यात बसल्या तरच तो दर आपला. तहसील कार्यालयात किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब) हे दोनच प्रश्न विचारा.

*आपल्या मापात हिशोब*

आपली जमीन हेक्टरात कमी, गुंठ्यात जास्त. म्हणून साधी युक्ती : हेक्टरी दराचे शेवटचे दोन शून्य काढा, झाला एका आरचा दर. (आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच धरा.)

जिरायत ८,५०० म्हणजे आरला ८५ रुपये.
बागायत १७,००० म्हणजे आरला १७० रुपये.
बहुवार्षिक २२,५०० म्हणजे आरला २२५ रुपये.

आपलं पावसावरचं खरीप भात जिरायतीत येतं. १२ आर बाधित असेल तर १२ × ८५ = १,०२० रुपये. ३० आर असेल तर २,५५०. पॅकेजचा दर लागू असेल तर त्याच ३० आरचे ५,५५०. क्षेत्र अगदी थोडं असलं तरी जिरायतीला किमान १,००० आणि बागायतीला किमान २,००० अशी तळाची मर्यादा आहे.

मला माहीत आहे, हे वाचून काही जण म्हणतील, "हजार रुपयांसाठी कोण हेलपाटे मारणार? भोरला जायचं-यायचं भाडं आणि मोडलेला दिवस त्यातच गेला." हे खरं आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कागद एकदाच नीट करायचे आहेत, दर वर्षी नाही. दुसरी, मोठी आपत्ती आली की दर वाढतो, जमिनीची मदत येते, घरा-जनावरांची येते, आणि ती सगळी याच कागदांवर येते. २०२१ ला आमचं पीक थोडंच होतं, पण जमीनसुद्धा गेली होती. आम्ही दोन्ही गमावलं.

*५) पीक वेगळं, जमीन वेगळी*

हे ठळक अक्षरात वाचा. ताल फुटली, माती वाहून गेली, खाचरात गाळ-गोटे बसले, तर ते फक्त पिकाचं नुकसान नाही. *जमिनीच्या नुकसानीची मदत वेगळी असते.*

▪️ शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ-रेती साचली : हेक्टरी १८,००० रुपये (आरला १८०).
▪️ जमीन खरडून गेली, दरड आली, नदी-ओढ्याने पात्र बदलून जमीन नेली : हेक्टरी ४७,००० रुपये (आरला ४७०).

ही मदत अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी आहे. आपल्याकडे बहुतेक सगळे त्यातच येतात. १२ आर खाचर खरडून गेलं तर ४७० × १२ = ५,६४० रुपये. ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला याशिवाय रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं धरली आहेत.

पंचनाम्याच्या वेळी आपण "भात गेलं, भात गेलं" एवढंच सांगतो. तालीकडे बोट दाखवत नाही. भात पुढच्या वर्षी परत येतं, पण आजोबा-पणजोबांनी दगड रचून बांधलेली ताल आपोआप परत येत नाही. *ताल दाखवा, लांबी सांगा, लिहून घ्या.*

बाकीच्या मदतीचे मूळ दर थोडक्यात : दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. गोठा ३,०००. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,०००. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, शवविच्छेदन अहवालाशिवाय पुढचं काम होत नाही.

*६) नुकसान दिसल्यापासून पहिले दोन दिवस*

१. *फोटो काढा.* एक लांबून, ज्यात ओळखीचा डोंगर, झाड, देऊळ किंवा घर येईल असा. एक जवळून लोंब्यांचा. एक स्वतः शेतात उभं राहून. मोबाइलवर तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेऱ्याचं ॲप असेल तर उत्तम.

२. *लेखी अर्ज द्या.* साध्या कागदावर चालतो. नाव, गाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र (आर), नुकसानीची तारीख, कारण. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. नुसत्या फोनचा पुरावा राहत नाही.

३. *पंचनाम्याला हजर राहा.* ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) आणि सहाय्यक कृषी अधिकारी (कृषी सहाय्यक) असा तिघांचा संयुक्त पंचनामा असतो. गट नंबर, पीक, क्षेत्र वाचून बघा, मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही नको. शक्य असेल तर मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. तिघांकडे कित्येक गावं असतात, त्यांना वेळ लागतो. वाद घालण्यापेक्षा गट नंबरांची यादी आधीच तयार ठेवली तर काम लवकर होतं.

*"पंचनामा होईपर्यंत भात तसंच ठेवायचं का?"*

हा या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर शेतीचं आहे. *नाही. भात सडू देऊ नका.* मदत आरला ८५ रुपये आहे, वाचवलेलं भात त्याच्या कितीतरी पट. फोटो काढा, अर्ज द्या, भाऊसाहेबांना फोन करून "काढायला घेतोय" असं सांगा, शेजारच्या दोन शेतकऱ्यांना दाखवा. जमलं तर एका कडेचा एक वाफा तसाच राहू द्या, म्हणजे येणाऱ्यांना डोळ्यांनी दिसेल. बाकीचं काढायला लागा :

▪️ खाचराचा खालचा बांध फोडून पाणी आजच काढा. साचलेल्या पाण्यात लोंबी असेल तर दोन-चार दिवसांत दाण्याला मोड येतात.
▪️ अजून हिरवट असलेलं लोळलेलं भात चार-पाच चूड एकत्र करून सैल बांधून उभं करा.
▪️ कापलेलं ओलं भात उडवीत रचू नका, आतून तापतं आणि तांदूळ पिवळा पडतो. ताडपत्रीवर किंवा पत्र्याखाली पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा.
▪️ मोड आलेलं आणि चांगलं भात वेगळं झोडा. एकत्र केलं तर सगळ्याचाच भाव पडतो. आपल्या केंद्रावर ओलावा १४ टक्क्यांपर्यंत आलेलं भात आणा.
▪️ लोळलेल्या भागातलं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका. उभ्या राहिलेल्या वरच्या खाचरातलं राखा.
▪️ खाचर रिकामं झालं की ओल जायच्या आत वाल, पावटा, मसूर किंवा हरभरा टाका. हातात येणारं सगळ्यात जवळचं पीक तेच.

*७) पैसे हातात येण्याची वाट, आणि ती कुठे अडते*

पंचनामा → तहसीलमध्ये यादी → शासनाकडून निधी मंजूर → संगणकावर यादी चढते → प्रत्येकाला *विशिष्ट क्रमांक* (व्हीके नंबर) → ई-केवायसी → आधार जोडलेल्या बँक खात्यात पैसे.

२०२३ पासून पैसे असे थेट खात्यात येतात. वाट सरळ आहे, पण तिला पाच अडथळे आहेत.

*अडथळा १ : ई-पीक पाहणी नाही.* सातबाऱ्यावर पीकच नसेल तर नुकसान कशाचं झालं, हा पहिला प्रश्न येतो. पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच घ्यावा लागतो. खोऱ्यात नेटवर्क नसेल तर माहिती शेतात भरा आणि नेटवर्कच्या जागी येऊन अपलोड करा. या खरिपात राहिली असेल तर अर्जासोबत फोटो आवर्जून जोडा आणि रब्बीची नोंद तरी चुकवू नका. नाचणी-वरईच्या तुकड्याचीही नोंद करा, नुसतं भात नको.

*अडथळा २ : फार्मर आयडी नाही.* ॲग्रिस्टॅकचा ११ अंकी शेतकरी ओळख क्रमांक. १५ जुलै २०२५ पासून पिकाच्या मदतीसाठी तो आवश्यक केला आहे. ज्यांचा आहे त्यांना ई-केवायसीतून सूट देण्याचा निर्णयही ऑक्टोबरमध्ये झाला. म्हणजे आयडी असेल तर एक हेलपाटा वाचतो. आयडी काढताना *सगळे गट* जोडले का ते पाहा. अनेकांनी घराजवळचा एकच गट जोडला आहे आणि ओढ्याकाठचं खाचर, जिथे दर वर्षी नुकसान होतं, ते राहून गेलं आहे.

*अडथळा ३ : ई-केवायसी नाही.* ज्यांचा आयडी नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत लागणारी यादी बघायची, आपला विशिष्ट क्रमांक घ्यायचा आणि आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायचा. तिथे नाव, क्षेत्र, रक्कम पडद्यावर दिसते. चूक असेल तर अंगठा देऊ नका, तक्रार नोंदवा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले असतात, उमटत नाहीत. त्यांना आधी आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्या.

*अडथळा ४ : पैसे दुसऱ्याच बँकेत.* पासबुकाला आधार जोडलंय म्हणजे पैसे तिथेच येतील असं नाही. थेट लाभासाठी आधार *शेवटी ज्या बँकेत जोडलं*, तिथे पैसे जातात. सोसायटीच्या कर्जासाठी जिल्हा बँकेत खातं, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दुसरीकडे, गॅससाठी तिसरीकडे. आलेले पैसे तिसऱ्याच खात्यात पडून आहेत आणि आपण पहिल्या बँकेत रोज विचारतोय, असं होतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. आणि हो, मदतीच्या रकमेतून बँकेने कर्जवसुली करू नये असं मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. कापून घेतले तर तो निर्णय दाखवून लेखी तक्रार द्या.

*अडथळा ५ : सामाईक खातं आणि मयत खातेदार.* आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडथळा. यासाठी वेगळा भाग.

*८) सातबारा जिवंत करा*

▪️ *मयत खातेदार असेल तर :* वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, स्वयंघोषणापत्र, आधार. 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ मध्ये राज्यभर झाली. ज्यांनी तेव्हा केलं ते सुटले, राहिलेल्यांनी नेहमीच्या पद्धतीने करायचं. *बहिणींची नावं लपवू नका.* नाव लपवून केलेली नोंद उद्या तक्रारीत रद्द होते आणि घरात कायमचं वितुष्ट येतं.

▪️ *सगळे हयात, पण खातं सामाईक :* दोन वाटा. एक, प्रत्येकाचा आयडी, प्रत्येकाचं बँक खातं आणि हिश्श्याप्रमाणे रक्कम. दुसरी, बाकीच्यांनी संमतीपत्र द्यायचं की "मदत अमुक यांच्या खात्यात जमा करावी." कसणारा गावात एकटाच असेल तर दुसरी वाट सोपी. नमुना भाऊसाहेबांकडे मिळतो.

संमतीपत्र नुकसान झाल्यावर मागायला गेलं की अवघड होतं. पैशाचा विषय निघाला की मुंबईच्या काकांना वाटतं, काहीतरी मोठी रक्कम आहे. म्हणून *शांत काळात* मागा. जत्रेला, गणपतीला, लग्नकार्याला सगळे गावी येतात तेव्हा आधीच लिहून आणलेला कागद पुढे ठेवा. रक्कम आरला किती, हा वरचा हिशोब दाखवा. आमच्या घरी तसंच झालं. "एवढ्यासाठी सह्या पाहिजेत होत्या होय?" म्हणून आत्यांनी हसत सह्या केल्या.

▪️ *वाट्याने किंवा खंडाने करणारे :* सातबाऱ्यावर नाव नसेल तर मदत मालकाच्या खात्यात जाते. शेत कसलं तुम्ही, बी-खत तुमचं, पैसे मात्र दुसरीकडे. हा नियम आज तरी असाच आहे. म्हणून वाट्याचं ठरवतानाच बोलून घ्या, की पिकाची मदत आली तर कोणाला. चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. मुंबईकर मालकांनाही आमची विनंती : ज्याच्या घामाचं पीक गेलं, त्याला ते पैसे द्या.

*९) आता करायची कामं : सात खुणा*

घरात भिंतीवर लावून ठेवा. झालं की खूण करा.

✅ ताजा सातबारा आणि आठ-अ काढला, नावं वाचली
✅ मयत नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज दिला, पोहोच घेतली
✅ फार्मर आयडी काढला, *सगळे* गट जोडले
✅ आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते पाहिलं
✅ सामाईक खात्याचं संमतीपत्र तयार
✅ नुकसानीचे फोटो आणि अर्जाची पोहोच एकाच पिशवीत
✅ ग्रामपंचायतीतली यादी स्वतः जाऊन पाहिली

सातपैकी कोणतंही काम अडलं तर आपल्या कंपनीच्या संकलन केंद्रावर या. येताना आधार, सातबारा आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा. आयडीला गट जोडणं, बँक तपासणं, अर्ज लिहून देणं, एवढं आम्ही करून देऊ. *पैसे लागत नाहीत.* "तुमची मदत मंजूर करून देतो, इतके द्या" असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. आणि फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नका, माझं नाव घेऊन मागितला तरी नाही.

शेवटी एक सांगतो. पाऊस आपल्या हातात नाही, दर आपल्या हातात नाही, निधी कधी येईल तेही नाही. पण सातबाऱ्यावरचं नाव आपल्या हातात आहे. आमची वारस नोंद २०२३ ला झाली. फुटलेल्या ताली तोपर्यंत आम्ही घरच्यांनीच दगड उचलून बांधल्या होत्या. पुढच्या वेळी ओढा आत आला तर निदान कागद तरी आमच्या बाजूने उभा असेल. तुमचाही असू द्या.

पुढच्या मेसेजमध्ये : भातानंतर ओलीवर हरभरा आणि पावटा, बीजप्रक्रिया आणि पेरणीची वेळ.

आपला,
कृषी सल्लागार
तुमची शेतकरी उत्पादक कंपनी, भोर-वेल्हे

_हा मेसेज गावाच्या ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे मोठा फोन नाही त्यांना पारावर वाचून दाखवा._